वाऱ्याची रेषा आणि आपली तीन गावे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वडीलधाऱ्यांचा सत्कार, वधूवरसूचक मंडळाचा अहवाल हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे विषय होत. त्यांच्या पंगतीस वाऱ्याचा विषय आणून बसविणे काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु चालू वर्षी आपल्या संस्थेने बदलापुरात ज्ञातिगृह बांधण्याचे योजिले आहे. निधी जमत आहे, नकाशे तयार होत आहेत, आणि वरच्या सभागृहावर पत्र्याचे छप्पर घालावे की स्लॅब टाकावा याविषयी मंडळात दोन मते आहेत. छप्पर कशाचे असावे यापेक्षा ते कोणत्या वाऱ्यास पुरे पडेल असे धरून बांधावयाचे, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे असे आम्हांस वाटते. आम्ही इंजिनीअर नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा पेशा पत्करला आणि जन्मभर मुलांना भूगोल व अंकगणित शिकविले. तथापि हा प्रश्न निम्मा भूगोलाचा व निम्मा अंकगणिताचा आहे. म्हणून चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहो.

इमारतीवर वाऱ्याचा भार किती धरावा याविषयी आपल्या देशाचे एक मानक आहे. त्याचा क्रमांक ८७५, भाग तिसरा. हे मानक प्रथम १९५७ साली निघाले, १९६४ व १९८७ साली त्याची सुधारणा झाली आणि २०१५ साली पुन्हा एकवार झाली. भारतीय मानक ब्यूरो ते प्रसिद्ध करते. त्यात भारताचा एक नकाशा आहे आणि त्या नकाशावर वाऱ्याचे सहा पट्टे दाखविले आहेत. त्यांचे आकडे ३३, ३९, ४४, ४७, ५० आणि ५५ असे आहेत. दर सेकंदास वाऱ्याचा वेग किती मीटर धरावा, हे हे आकडे सांगतात. ४४ मीटर म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, आणि ३९ मीटर म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर.

हा वेग म्हणजे दिवसभराच्या वाऱ्याची सरासरी नव्हे. मोकळ्या माळावर, जमिनीपासून १० मीटर उंचीवर, सुमारे तीन सेकंद टिकणारा जो झोत, त्याचा हा वेग होय. आणि तो झोतही असा की, कोणत्याही एका वर्षात तो ओलांडला जाण्याचा संभव पन्नासांत एक. यालाच व्यवहारात 'पन्नास वर्षांतून एकदा येणारा वारा' असे म्हणतात. परंतु या शब्दांनी पुष्कळांचा गैरसमज होतो. यंदा येऊन गेला, आता पन्नास वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नव्हे. दरवर्षी डाव नव्याने मांडला जातो. गणित करून पाहिले तर, पन्नास वर्षे उभ्या राहणाऱ्या घरास असा किंवा याहून मोठा झोत एकदा तरी गाठील याचा संभव शेकडा ६३ निघतो. म्हणजे आपल्या ज्ञातिगृहाच्या आयुष्यात तो येणार असे धरूनच चालणे शहाणपणाचे.

आता अंकगणिताची दुसरी पायरी. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. ३९ मीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे ९३ किलो येतो, आणि ४४ मीटरच्या वाऱ्याचा सुमारे ११८ किलो. वेगातला फरक दिसावयास पाच मीटरांचा. पण भिंतीवर व छपरावर तो सव्वापटीहून अधिक होऊन उतरतो. म्हणून आपले गाव कोणत्या पट्ट्यात पडते हा प्रश्न केवळ कागदाचा नाही.

मानकाच्या अखेरीस काही प्रमुख शहरांची यादी दिली आहे. तीत मुंबईपुढे ४४ आहे. पुणे व नाशिक यांपुढे ३९ आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही नावे तीत नाहीत. मुंबई ४४ आणि पुणे ३९, त्या अर्थी दोन पट्ट्यांमधली सीमा या दोन शहरांच्या दरम्यान कोठे तरी जाणार हे उघड आहे. आणि त्याच दरम्यान आपली तीनही गावे वसली आहेत. मग नकाशा उघडून पाहावा, तर तेथे निराळीच अडचण येते. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर. ती पानावर सुमारे २५ सेंटिमीटरांत बसविली तर एका मिलिमीटरात जवळजवळ १३ किलोमीटर मावतात. उल्हासनगरपासून बदलापूर रेल्वेने अवघे १० किलोमीटर. म्हणजे आपली तिन्ही गावे, त्यांतील कारखाने, शाळा, देवळे आणि लक्षावधी माणसे, पेन्सिलीच्या एका टिंबाखाली झाकून जातात. शाळेत आम्ही मुलांस सांगत असू की, नकाशावरील रेषेलाही जाडी असते, आणि त्या जाडीतही माणसे राहतात. तेच येथे घडते आहे.

हे झाले पट्ट्यांविषयी. याखेरीज आणखी एक रेषा आहे, आणि ती अधिक महत्त्वाची. चक्रीवादळाचा जोर मुख्यतः समुद्रकाठच्या सुमारे ६० किलोमीटर रुंदीच्या पट्टीत जाणवतो असे मानकातच सांगितले आहे. चक्रीवादळात नकाशावरील वेग पुष्कळदा ओलांडले जातात, हेही त्यात मान्य केले आहे. म्हणून २०१५ च्या सुधारणेत एक वाढीव गुणक ठेवण्यात आला. या पट्टीत वादळानंतर लोकांच्या उपयोगी पडणाऱ्या ज्या इमारती, म्हणजे निवारे, रुग्णालये, शाळा वगैरे, त्यांच्याकरिता मूळ वेगास १.३० ने गुणावे. कारखान्यांच्या इमारतींकरिता १.१५ ने गुणावे. इतर घरांकरिता वाढ नाही. १.३० चा वर्ग १.६९, म्हणजे निवाऱ्याच्या इमारतीवर दाब जवळजवळ पावणेदोनपट धरावयाचा.

परंतु ही पट्टी कोणत्या किनाऱ्यास लागू आहे? संपूर्ण पूर्व किनाऱ्यास, आणि पश्चिमेस केवळ गुजरातच्या किनाऱ्यास. महाराष्ट्राचा किनारा तीत नाही. यात कोणाचा द्वेष आहे असे नव्हे. रेषा आखणारे झालेल्या अनुभवावरून आखतात. गुजरातने १९९८ च्या जूनमध्ये कांडल्याचे वादळ सोसले, ओडिशाने १९९९ च्या ऑक्टोबरात महाचक्रीवादळ सोसले, आंध्राने १९७७ च्या नोव्हेंबरात सोसले. त्या मानाने आपल्या किनाऱ्याच्या वाट्यास कमी आले. परंतु कमी आले याचा अर्थ आलेच नाही असा नव्हे. १९४८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर वादळ आले. ज्या कल्याण कॅम्पातून पुढे उल्हासनगर झाले, तेथे त्या दिवसांत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे लष्करी बराकींत दिवस काढीत होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीची कोनशिला बसली. २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' आले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यास लागले. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' मुंबईसमोरून समुद्रातून वर गेले. एका वर्षाच्या आत दोन वादळे आल्यावर, ही पट्टी महाराष्ट्रास का नसावी हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणांस आहे.

समजा, उद्या ती पट्टी आपल्या किनाऱ्यासही लागू झाली. तरी बदलापूर तीत येते की नाही? येथे भूगोलाची खरी परीक्षा लागते. ६० किलोमीटर मोजावयाचे ते कोठून? कोणी म्हणेल, बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने ६८ किलोमीटर, अर्थात बाहेर. पण आगगाडी ठाणे-कल्याणला वळसा घालून येते. वारा तिकीट काढून येत नाही. खुल्या समुद्रापासून सरळ मोजले तर अंतर सुमारे ४५ किलोमीटर भरते, म्हणजे आत. ठाण्याची किंवा पनवेलची खाडी हाच किनारा धरला तर ते पंचविसाच्या आसपास येते. आणि कल्याणच्या खाडीपर्यंत भरतीचे पाणी येते, पूर्वी तेथे गलबते लागत, शिवाजीमहाराजांच्या आरमाराचा आरंभ याच परिसरात झाला असे आपण अभिमानाने सांगतो; तो किनारा धरला तर बदलापूर अवघ्या पंधरा किलोमीटरांवर येते. गाव एक, आणि किनाऱ्याचे अंतर चार प्रकारचे!

किनारा ठरविणे अशक्य आहे असे मात्र नव्हे. समुद्रकाठच्या बांधकामांवर नियंत्रण ठेवणारे जे सागरतटाचे नियम आहेत, त्यांत हा प्रश्न काळजीपूर्वक सोडविला आहे. तेथे भरतीची उच्चतम रेषा मोजून आखतात. आणि खाडीत समुद्राचा अंमल कोठवर मानावा, तर वर्षातील सर्वांत कोरड्या दिवसांत पाण्याच्या हजार भागांत पाच भाग क्षार जेथवर आढळतील तेथवर, असे स्पष्ट लिहून ठेवले आहे. पाण्यासाठी इतकी नेमकी व्याख्या होऊ शकते, मग वाऱ्यासाठी का होऊ नये? अर्थात खाडीच्या पाण्याचा नियम वाऱ्यास जसाच्या तसा लावा असे आमचे म्हणणे नाही. अरुंद खाडीवरचा वारा आणि खुल्या समुद्रावरचा वारा यांत अंतर आहे. परंतु अमुक ठिकाणाहून मोजावे, एवढे तरी सामान्य माणसाला कळेल अशा शब्दांत लिहिलेले असावे.

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात १९९२ च्या ऑगस्टात 'अँड्र्यू' नावाच्या वादळाने फार मोठा विध्वंस केला. त्यानंतर त्या राज्याने इमारतींचे नियम कसोशीने सुधारले व २००२ पासून सर्व राज्यास एकच संहिता लागू केली. त्या संहितेत एक साधी पण मोलाची गोष्ट आहे. नकाशावरील वाऱ्याच्या रेषा प्रत्यक्ष जमिनीवर कोठून जातात हे स्थानिक संस्थेने ठराव करून जाहीर करावयाचे, आणि तेही होता होईल तो मोठा रस्ता, कालवा, नदी, तळ्याचा काठ अशा सर्वांस ठाऊक असलेल्या खुणा धरून. 'या रस्त्याच्या पलीकडे एवढा वारा धरा' असे म्हटले की गवंड्यालाही समजते आणि घरमालकालाही. आमच्या मते या विषयाचे सार एवढेच आहे. रेषा पुस्तकात असून भागत नाही. ती वेशीवर आली पाहिजे.

येथे दोन आक्षेप निघतील, आणि त्यांत तथ्य आहे. पहिला असा की, वादळ जमिनीवर चढले म्हणजे त्याचे समुद्राकडून मिळणारे बळ तुटते. मग किनाऱ्यापासून आत असलेल्या आपणांस इतकी चिंता कशाला? हे खरे, वेग घटतो. पण तो एकदम नाहीसा होत नाही. 'निसर्ग'ने श्रीवर्धनच्या नारळी-पोफळींच्या बागा झोपविल्या, आणि पुढे घाट चढून जुन्नर, खेड, मावळ या तालुक्यांतही नुकसान केले. ते तालुके तर आपल्याहूनही आत आहेत.

दुसरा आक्षेप असा की, २००५ व २०१९ साली आपल्या गावांस पाण्याने गांजले, वाऱ्याने नव्हे. तेव्हा पैसा पाण्याच्या बंदोबस्तावर खर्चावा. आम्ही म्हणतो, दोहोंचा विचार करावा. कारण ही दोन्ही संकटे बहुधा हातात हात घालून येतात. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणीच्या मध्ये अडकली. सुमारे एक हजार पन्नास प्रवाशांची सुटका झाली, आणि त्यांना प्रथम आसरा मिळाला तो बदलापुरातील एका मंगल कार्यालयात. सभागृहाचे छप्पर संकटकाळी कोणाच्या उपयोगी पडते याचा याहून बोलका दाखला कोणता? अशा दिवशी जर छप्परच उडाले तर आसरा कोणी कोणास द्यावयाचा?

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. 'निसर्ग'चे झोत ताशी १२० किलोमीटरपर्यंतचे होते. 'तौक्ते'च्या वेळी कुलाब्यास ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. मुंबईसाठी मानकाने सांगितलेला वेग आहे ताशी १५८. म्हणजे दोन्ही वेळी वारा पुस्तकातल्या आकड्याच्या बराच खाली होता, आणि तरीही पत्रे उडाले. घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी जो प्रचंड जाहिरात-फलक कोसळून १७ माणसे मृत्यू पावली, त्याची गोष्ट याहून भयंकर. त्या दिवशीचा वारा ताशी ८७ किलोमीटर होता. आणि त्या फलकाचा पाया ताशी ४९ किलोमीटरच्याच वाऱ्यास तोंड देण्याजोगा होता, असे व्ही.जे.टी.आय. संस्थेच्या तपासणीचे निष्कर्ष वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले. रेषा होती, आकडाही होता. आकड्याप्रमाणे बांधणारा मात्र नव्हता. म्हणून रेषेचा वाद घालताना, आहे त्या रेषेचे पालन प्रथम करावे, हे आपण विसरता कामा नये.

आता आपल्या गावांकडे वळू. पट्टा एकच धरला तरी वारा सर्वत्र सारखा धरावयाचा नसतो. मानकात जमिनीच्या चार तऱ्हा सांगितल्या आहेत. दहा मीटर उंचीवर खुल्या समुद्रकाठी १.०५, मोकळ्या माळावर १.००, दाट घरांच्या गावात ०.९१, आणि उंच इमारतींच्या महानगरात ०.८० असे गुणक आहेत. उल्हासनगरात एका भिंतीस दुसरी भिंत लागलेली. तेथे ४४ चे सुमारे ४० होतील. बदलापुराच्या कडेस भातखाचरांत एकटीच उभी राहिलेली इमारत पाहा. तिला आडोसा कोणाचा? तिने ४४ पुरेपूर धरले पाहिजेत, आणि उंच असेल तर त्याहून अधिक. कारण माळावर ५० मीटर उंचीवर गुणक १.१७ होतो. म्हणजे पुणे-मुंबईमध्ये जेवढा फरक, जवळजवळ तेवढा दहा किलोमीटरांतच पडला! त्यात मलंगगडाची रांग व माथेरानचा डोंगर जवळ. उताराच्या माथ्यावर वारा अधिक वेगाने वाहतो, त्याकरिता निराळा गुणक आहे. अंबरनाथचे शिवमंदिर सन १०६० पासून उभे आहे. पण ते दगडाचे आहे, आणि त्याच्या शेजारच्या कारखान्यांची छपरे पत्र्याची आहेत, हे ध्यानात ठेवावे.

पत्र्याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. वारा पत्र्यास ढकलून पाडतो असे लोक समजतात, आणि म्हणून वर दगड किंवा विटा ठेवतात. वस्तुतः वारा पत्र्यास उचलतो. छपरावरून वेगाने जाणारा वारा वरच्या अंगास ओढ निर्माण करतो. त्यात खालून वारा शिरला की दोहोंची बेरीज होते. ही ओढ सर्वांत अधिक असते ती कडांस व कोपऱ्यांस. मुंबईपट्ट्यात चौरस मीटरला शंभर किलोवर ओढ बसू शकते, आणि पत्र्याचे स्वतःचे वजन त्याच्या विसाव्या हिश्शाइतकेही नसते. तेथे दोन विटा काय करणार? उलट त्या विटा खाली रस्त्यावरील माणसाच्या डोक्यात पडतात. गच्चीवर पाऊस अडविण्यासाठी म्हणून ज्या पत्र्याच्या शेड आपण घालतो, त्या तर आडोसा देणाऱ्या सर्व घरांच्या वर, तीन बाजूंनी उघड्या. तेव्हा कडेच्या ओळींत हूक व बोल्ट दाट असावेत, रीप कैचीस आणि कैची खांबास पक्की बांधलेली असावी, खांबाचा तळ स्लॅबमध्ये नीट धरलेला असावा. छपरापासून पायापर्यंत ही साखळी कोठेही तुटता उपयोगी नाही. गंजलेला हूक दर वैशाखात बदलणे हे लग्नाच्या मांडवाहून स्वस्त काम आहे.

खर्चाचा प्रश्न राहिला. वाढीव वारा धरला की खर्च वाढणार. तो नाकारण्यात अर्थ नाही. गरिबाच्या प्रत्येक खोलीस निवाऱ्याचा गुणक लावा असे आम्ही म्हणणार नाही. तसे मानकही म्हणत नाही. परंतु दहा कुटुंबे ज्याच्या आश्रयास धावतील त्या इमारतीची गोष्ट वेगळी. तेथे काटकसर करून वाचविलेला पैसा आपला नसतो; तो त्या दहा कुटुंबांच्या सुरक्षिततेतून काढलेला असतो.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची नम्र विनंती आहे. पहिली, आपले ज्ञातिगृह ४४ मीटरच्या पट्ट्यात आहे असे धरावे, रेषा अलीकडे की पलीकडे या वादात पडू नये. दुसरी, सक्ती नसली तरी निवाऱ्याचा १.३० हा गुणक आपण होऊन स्वीकारावा, आणि पत्रा व स्लॅब या दोहोंचा खर्च या हिशेबाने इंजिनीअराकडून मांडून घेऊन मगच निर्णय करावा. तिसरी, उल्हासनगरची महानगरपालिका आणि अंबरनाथ व बदलापूर येथील नगरपालिका यांना संस्थेच्या वतीने अर्ज करावा, की आपल्या हद्दीत वाऱ्याचा कोणता वेग धरावयाचा हे मराठीत, गावच्या खुणा सांगून जाहीर करावे आणि बांधकामाच्या परवान्यावर तो आकडा छापावा. चौथी विनंती लहान आहे. ज्ञातिगृह पुरे झाल्यावर दारावर देणगीदारांची नावे लागतीलच, लागावीतही. त्याखाली एक ओळ अशी असावी की ही इमारत अमुक वेगाच्या वाऱ्यास टिकेल अशी बांधली आहे. येणारा जाणारा ती वाचील, आपल्या घराविषयी तोच प्रश्न विचारील, आणि ज्या रेषेचा पत्ता आज केवळ इंजिनीअरांना आहे तो हळूहळू सर्वांस लागेल.